चपटा कॅमेरा : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

फोन टेबलावर उताणा ठेवला की पाठीवरच्या कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे डुगडुगतो, आणि दर वेळी मला तोच प्रश्न पडतो की फोनमधलं बाकी सगळं इतकं पातळ झालं तरी लेन्स का नाही होत. म्हणून आजपासून ही वही. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री जमेल तसं काम करायचं, आणि जे होईल ते त्याच दिवशी लिहायचं, नाहीतर मी विसरते.

माझी समजूत सध्या अशी आहे. भिंग मध्ये जाड, कडेला पातळ. मधून जाणारा प्रकाश काचेत जास्त रेंगाळतो, कडेचा कमी, आणि हा उशीर बरोब्बर जमला की सगळा प्रकाश एकाच वेळी एका बिंदूवर येऊन मिळतो. म्हणजे लेन्स म्हणजे मुळात उशिराचा हिशोब, आणि जाडी ही तो हिशोब करायची एक पद्धत झाली. दुसरी पद्धत सापडली तर जाडी लागणारच नाही. हार्वर्डमध्ये फेडेरिको कापासो यांच्या ग्रुपने २०१६ मध्ये नेमकं हेच दाखवलं, टायटॅनियम डायऑक्साइडचे ६०० नॅनोमीटर उंचीचे बारीक खांब काचेवर उभे केले आणि त्या खांबांनीच प्रकाश फोकस केला. मेटालेन्स म्हणतात त्याला. फक्त ती लेन्स पाव मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी रुंद होती.

मेटालेन्स घरी बनणार नाही हे उघड आहे. पण काचेशिवाय चित्र काढायचे साधे मार्ग तरी स्वतःच्या हाताने करून बघायचे, म्हणजे पुढचे कॅमेरे कसे असतील यावर बोलताना माझ्याकडे काहीतरी स्वतःचं असेल. तीन गोष्टी ठरवल्यात: बारीक भोक, छापलेली कडी, आणि चिकटपट्टी.

५ जानेवारी

सेन्सर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा हाय क्वालिटी कॅमेरा. आत सोनीचा आयएमएक्स४७७, १२.३ मेगापिक्सेल, पिक्सेल १.५५ मायक्रॉनचा, रुंदी साधारण ६.३ मिमी. हा घ्यायचं कारण एवढंच की याला स्वतःची लेन्स चिकटवलेली नसते, लेन्स बसवायची कडी म्हणजे माउंट असतो, त्यामुळे काही तोडायला लागत नाही.

९ जानेवारी

भोकाचा कॅमेरा झाला. ॲल्युमिनियम फॉइल, सुई, आणि भोक मोजायला स्कॅनर. १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके, स्कॅन केलं तर भोक ९-१० ठिपके रुंद दिसलं, म्हणजे ०.२ मिमी. माउंटपासून सेन्सरचं अंतर १७.५ मिमी, त्यामुळे हे झालं एफ/८७ च्या आसपास, म्हणजे अंतर भोकाच्या ८७ पट. एफ/२ च्या लेन्सपेक्षा १९०० पट कमी प्रकाश! लख्ख उन्हातसुद्धा पाव ते अर्धा सेकंद एक्सपोजर लागलं.

चित्र आलं. धूसर, पण खिडकीची चौकट आणि बाहेरचं झाड ओळखू येतंय. मग हिशोब केला आणि खुर्चीवर बसूनच राहिले. भोक ०.२ मिमीचं म्हणजे सेन्सरवर पडणारा प्रत्येक ठिपका निदान तेवढा मोठा, आणि सेन्सर ६.३ मिमीचा, म्हणजे आडवे जेमतेम तीस ठिपके! १२ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि त्यावर तीस ठिपक्यांचं चित्र.

भोक अजून बारीक करून बघितलं तर चित्र आणखी पसरट झालं. हे डिफ्रॅक्शन. प्रकाशाला चिंचोळ्या वाटेतून काढलं की तो पलीकडे पसरतो, यात कोणाचं काही चालत नाही. कॅमेऱ्याची एकेका लांबीला एक योग्य भोक असतं, आणि माझ्या लांबीला ते ०.१९ मिमीच्या आसपास येतं, म्हणजे मी आधीच तिथे होते. कॅमेरा लहान करत गेलं की भोकाचं चित्र बिघडतच जातं. ही गोष्ट लक्षात ठेवायची, पुढे लागेल असं वाटतंय.

१६ जानेवारी

आज झोन प्लेट. एकात एक कडी, एक काळं एक पारदर्शक, बाहेर जाताना बारीक होत जाणारी. काळ्या कड्यांनी चुकीच्या उशिराचा प्रकाश अडवायचा, उरलेला एका जागी जमतो. ट्रान्सपरन्सीवर लेझर प्रिंटरने छापली.

आधी १७.५ मिमी फोकल लेंथची, म्हणजे तेवढ्या अंतरावर प्रकाश जमवणारी, करायला गेले. गणित केलं तर बाहेरचं कडं प्रिंटरच्या दोन ठिपक्यांएवढं, ४२ मायक्रॉनचं धरलं तरी अख्खी प्लेट ०.२३ मिमी रुंद! म्हणजे परत भोकच झालं की. मग फोकल लेंथ २०० मिमी केली, पुठ्ठ्याची नळी लावली, तेव्हा कुठे २.६ मिमीची प्लेट आणि १५ कडी बसली.

म्हणजे सपाट लेन्स किती रुंद आणि किती जवळ फोकस करणारी होऊ शकते, हे तिच्या सगळ्यात बारीक रेघेवर ठरतं. माझा प्रिंटरचा ठिपका २१ मायक्रॉनचा. दिसणाऱ्या प्रकाशाची लहर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, आणि मेटालेन्सचे खांब एकमेकांपासून त्याहूनही कमी अंतरावर उभे असतात. म्हणून ही लेन्स लेन्सच्या कारखान्यात नाही, चिपच्या कारखान्यात बनते. याआधी दहा वेळा वाचलं होतं, पण स्वतःची प्लेट भोकाएवढी निघाली तेव्हा ते अंगात शिरलं.

१७ जानेवारी

काल रात्री झोप आली नाही कारण चित्रात रंग फाटलेले होते, कडा एका बाजूला निळसर आणि एकूण सगळ्यावर धुक्यासारखं काहीतरी. आज नीट मोजलं. पॅसेजच्या त्या टोकाला साधारण १० मीटरवर एलईडी ठेवला, इकडे पांढरा कागद मागेपुढे करून ठिपका कुठे सगळ्यात लहान होतो ते बघायचं. भाचा आलाय सुट्टीला, तो तिकडून एलईडी बदलून द्यायचा आणि ओरडून विचारायचा, "मावशी, आता कुठला लावू?"

लाल साडेसतरा ते अठरा सेंमीवर, हिरवा एकवीसच्या जवळ, निळा चोवीसच्या पुढे. ठिपका लांबवर बारीकच दिसतो त्यामुळे एक सेंमी इकडेतिकडे धरायचं, पण क्रम अगदी स्पष्ट आहे. निळा सगळ्यात लांब! काचेत उलटं असतं, काच निळ्याला जास्त वाकवते म्हणून निळा सगळ्यात जवळ फोकस होतो.

आणि हे कळल्यावर एक जुनी गोष्ट एकदम उलगडली. कॅननने २००१ मध्ये ४०० मिमीची डीओ लेन्स आणली, नंतर २०१५ मध्ये निकॉनची ३०० मिमी एफ/४ पीएफ आली, वजन फक्त ७५५ ग्रॅम, आधीच्या तशाच लेन्सच्या साधारण निम्मं. या लेन्समध्ये काच पण असते आणि कड्यांचा एक सपाट एलिमेंट पण. काचेची रंगचूक एका दिशेची, कड्यांची दुसऱ्या दिशेची, दोघं एकमेकांना खोडतात, मग काच कमी पुरते. म्हणजे सपाट लेन्स काचेची जागा घ्यायला येईल असं आपण धरून बसलोय आणि ती पंचवीस वर्षांपूर्वी काचेच्या मदतीला येऊन पण गेली. मला वाटतं मोठ्या कॅमेऱ्यांचं पुढचं भविष्य बरंचसं असंच असेल, मिश्र. अख्खी चपटी टेलिलेन्स येईल असं मला आता वाटत नाही, पण तीच लेन्स आखूड आणि हलकी होत जाईल.

धुक्याचं कारण पण सापडलं. अशा काळ्या-पारदर्शक प्लेटमध्ये अर्धा प्रकाश काळ्यात जातो, पाव भाग न वाकता सरळ पुढे जातो, आणि फोकसला येतो तो जेमतेम १० टक्के. सरळ गेलेला प्रकाश चित्रावर पसरतो, तेच धुकं. खांबांची लेन्स प्रकाश अडवत नाही, फक्त उशीर लावते, म्हणून ती याच्या फार पुढे आहे.

१८ जानेवारी

रंगाचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकते. ज्या कामात एकच रंग लागतो तिथे सपाट लेन्सची ही खोड आड येतच नाही. फोन चेहरा ओळखायला किंवा अंतर मोजायला इन्फ्रारेडची एकच लहर सोडतो. म्हणूनच मेटालेन्स बाजारात पहिल्यांदा तिथे शिरली, हार्वर्डच्या कामातून २०१६ मध्ये निघालेली मेटालेन्झ कंपनी आणि चिप बनवणारी एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स यांनी २०२२ मध्ये अंतर मोजणाऱ्या सेन्सरमध्ये ती घातली. फोटो काढणाऱ्या लेन्समध्ये नाही, मोजणाऱ्या लेन्समध्ये. आपण नवीन लेन्सची वाट फोटोंमध्ये बघत बसलो आणि ती न दिसणाऱ्या कोपऱ्यातून आली.

२५ जानेवारी

चिकटपट्टीचा कॅमेरा. याच्यासाठीच खरं सगळा खटाटोप.

कल्पना बर्कलीची, लॉरा वॉलर यांच्या लॅबची, २०१७ चा डिफ्युझरकॅम. सेन्सरसमोर लेन्सऐवजी खडबडीत पारदर्शक काहीतरी ठेवायचं, डबल साइड टेपसुद्धा चालते. चित्र बनतच नाही, सेन्सरवर नुसता गोळा. पण एका बिंदूचा प्रकाश त्या टेपमधून जाऊन जी जाळी उमटवतो ती नेहमी ठरलेली असते, बिंदू सरकला की जाळी सरकते, बस. मग अख्खं दृश्य म्हणजे अशा हजारो सरकलेल्या जाळ्यांची बेरीज. जाळी माहीत असली की बेरीज उलटी सोडवता येते.

त्या पेपरच्या लेखकांमध्ये रेन एंग पण आहेत, लायट्रोचे संस्थापक. लायट्रोचा पहिला कॅमेरा २०१२ मध्ये आला होता, फोटो काढून झाल्यावर फोकस बदलता यायचा, २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. मला तो कॅमेरा फार आवडायचा. कंपनी गेली पण प्रकाशाची दिशा सुद्धा पकडायची ही कल्पना मेली नाही, ती इकडे टेपमध्ये येऊन बसली याचं मला खूप बरं वाटलं. तशी ती त्याहून कितीतरी जुनी आहे, गाब्रिएल लिपमन यांनी १९०८ मध्येच बारीक भिंगांच्या पत्र्याने असं चित्र घ्यायची कल्पना मांडली होती.

माउंट स्क्रू काढून उतरवला, सेन्सरपासून साधारण ४ मिमीवर टेप, भोवती काळा कागद, मधे ४ गुणिले ३ मिमीची खिडकी. सेन्सर उघडा पडतो त्यामुळे धूळ बसू द्यायची नाही, हे काम अंघोळीनंतर लगेच बाथरूमच्या दमट हवेत केलं, धूळ कमी उडते.

जाळी बघितली. अंधारात ४० सेंमीवर भोकामागे पांढरा एलईडी. उथळ पाण्याच्या तळाशी उन्हाच्या रेघा नाचतात ना, अगदी तशी, फक्त थिजलेली. किती वेळ नुसती बघत बसले होते.

२६ जानेवारी

कोड लिहिला. पायथन, सरकलेल्या जाळ्यांची बेरीज (कन्व्होल्यूशन) फूरिए ट्रान्सफॉर्मने झटपट करायची, मग ग्रेडियंट डिसेंट, म्हणजे अंदाज घेऊन फेरीफेरीने चूक कमी करत जायचं, एकच अट की उजेड शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. चित्र आठ पटींनी लहान करून ५०७ बाय ३८० वर काम.

काहीच आलं नाही. राखाडी पट्टे.

२८ जानेवारी

तेच.

३० जानेवारी

सापडलं! मी जेपेग वापरत होते. जेपेगमध्ये कॅमेरा उजेडाचे आकडे डोळ्याला बरे दिसतील असे वाकवून ठेवतो, गडद भाग वर उचलतो, त्यामुळे दुप्पट प्रकाश म्हणजे दुप्पट आकडा हे नातंच राहत नाही, आणि माझं सगळं गणित त्या नात्यावर उभं होतं. बेरीज बेरीजच राहिली नव्हती तर उलटी कशी सुटणार. रॉ फाईल, म्हणजे सेन्सरचे न वाकवलेले आकडे, घेतली, काळ्याची पातळी (अंधारातही सेन्सर देतो तो आकडा) वजा केली आणि तीच जुनी ओळ चालवली.

फोनच्या काळ्या स्क्रीनवर पांढरा बाण ठेवला होता. १० फेऱ्यांनंतर डाग, ४० नंतर काठी, १०० नंतर बाण. बाण! लेन्स नाही, भोक नाही, फक्त टेप, आणि बाणाचं टोक दिसतंय. भाच्याला हाक मारली, तो म्हणाला, "मावशी, पण हा फोटो काढला कधी?" मी त्याला मूळ गोळा दाखवला तर विश्वासच बसेना त्याचा, मग त्याचा हात टॉर्चच्या उजेडात धरायला लावला आणि पाच बोटं काढून दाखवली. अंगठा जरा पुसट.

१ फेब्रुवारी

टेबलाला धक्का लागला, टेप केसाएवढी सरकली, आणि चित्र परत मातीत. जाळी नव्याने घ्यावी लागली. म्हणजे असा कॅमेरा खिशात टाकायचा असेल तर त्याची जाळी जन्मभर हलता कामा नये, उन्हात तापली तरी, पडला तरी. काचेची लेन्स थोडी हलली तर फोटो थोडा बिघडतो, इथे गणितच तुटतं. याच्यावर कमी बोललं जातं असं मला वाटतं.

८ फेब्रुवारी

आज दिवसाउजेडी खिडकीबाहेरचं दृश्य घेतलं, तेच जे भोकातून घेतलं होतं. टेपपुढची काळ्या कागदातली खिडकी भोकापेक्षा शेकडो पट मोठी, प्रकाश रग्गड, एक्सपोजर अगदी छोटं. आणि चित्र? आकाश आणि झाड यांची सरमिसळ, वर दाणे. बाणासारखी काळ्यावर पांढरी साधी वस्तू असली की छान येते, पण सगळीकडे उजेड असलेलं दृश्य आलं की कोसळतं.

बराच वेळ विचार केल्यावर कारण पटलं. लेन्स आकाशाचा प्रकाश आकाशाच्या पिक्सेलवर टाकते आणि झाडाच्या सावलीचा सावलीच्या पिक्सेलवर. टेप प्रत्येक पिक्सेलवर सगळ्यांचा प्रकाश टाकते. प्रकाश थेंबाथेंबाने येतो, त्यात चढउतार असतोच, मग आकाशाच्या भरमसाट थेंबांचा गोंगाट सावलीच्या हिशोबात पण मिसळतो आणि नंतर कितीही गणित केलं तरी वेगळा काढता येत नाही. लेन्स गोंगाट होण्याआधीच वाटणी करते. गणित नंतर करतं. एवढाच फरक, पण तो सगळ्यात मोठा फरक आहे.

न्यूरल नेटवर्कने हेच चित्र गुळगुळीत करून देता येईल, मला माहितेय, पण मी मुद्दाम लावलं नाही. हजारो झाडं बघितलेलं नेटवर्क मला झाड देईल, माझ्या खिडकीबाहेरचं झाड देईलच असं नाही. चेहरा किंवा गाडीचा नंबर असा भरून निघाला तर ते फारच काळजीचं आहे. पुढच्या कॅमेऱ्यांमध्ये लेन्स कमी आणि गणित जास्त होत जाणार, तेव्हा कोणता तपशील प्रकाशातून आला आणि कोणता अंदाजातून, हे फाईलमध्येच लिहून ठेवायला लागेल असं माझं ठाम मत झालंय.

१५ फेब्रुवारी

प्रिन्स्टन आणि युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन यांचा २०२१ चा मिठाच्या दाण्याएवढा कॅमेरा परत नीट वाचला. अर्धा मिमी रुंद, १६ लाख खांब, रंगीत चित्र, एफ/२, आणि खांबांचा आकार आणि चित्र सोडवणारं नेटवर्क दोन्ही एकत्र शिकवून ठरवलेलं. लेन्स आधी बनवली, सॉफ्टवेअर नंतर जोडलं, असं नाही. ही एकत्र घडवायची रीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, टेपच्या बाबतीत मला टेप जशी मिळाली तशी स्वीकारावी लागली, त्यांनी आपली टेप गणिताला सोयीची करून घेतली.

आता भोकाच्या दिवशीची नोंद काढली. फोनच्या मेन कॅमेऱ्याचं प्रकाश घेणारं तोंड साधारण ४ मिमी धरू. अर्धा मिमीच्या तुलनेत क्षेत्रफळ ६४ पट, म्हणजे त्याच दृश्यातून, तेवढ्याच वेळात ६४ पट प्रकाश. आणि बारकावा: ४ मिमीचं तोंड १० मीटरवरचे पावणेदोन मिमी अंतरावरचे ठिपके वेगळे करू शकतं, अर्धा मिमीचं तोंड सव्वा सेंमीच्या पुढचे. ही मर्यादा खांबांची नाही, काचेची नाही, तोंडाच्या रुंदीची आहे.

म्हणजे माझ्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं होतं. जाडी जाईल, जातेच आहे, प्रकाश वळवून फोनच्या आत आडव्या बसवलेल्या पेरिस्कोप लेन्सने ती आडवी केली, खांबांनी ती नॅनोमीटरवर आणली. रुंदी जाणार नाही. अंधारात फोटो हवा असेल, लांबचं हवं असेल, तर प्रकाश गोळा करायला जागा द्यावीच लागेल. मला आता भविष्यातला फोन असा दिसतो की पाठीवर उंचवटा नाही पण पाठीचा मोठा भाग लेन्सच आहे, बऱ्याच लहान तोंडांची एक चादर. लाइट एल१६ नावाच्या कॅमेऱ्याने २०१७ मध्ये १६ छोटे कॅमेरे एकत्र लावून तसं करून बघितलं होतंच. आणि दाण्याएवढा कॅमेरा फोनमध्ये नाही तर शरीराच्या आत जाईल, एंडोस्कोपीत, जिथे वस्तू जवळ असते, उजेड आपलाच असतो, आणि अर्धा मिमी म्हणजे रुग्णाला कमी त्रास. तिथे तो कधी पोचतोय याची मी खरंच आतुरतेने वाट बघतेय.

२२ फेब्रुवारी

शेवटचा प्रयोग राहिला होता. वस्तू जवळ आली की टेपची जाळी किंचित मोठी होते, १० सेंमीवर साधारण ४ टक्के, ४० सेंमीवर १ टक्का. म्हणजे अंतर जाळीतच लिहिलेलं आहे.

एक एलईडी १० सेंमीवर, दुसरा ४० सेंमीवर, जरा बाजूला. एकच फोटो. दोन्ही अंतरांची जाळी आधी घेऊन ठेवलेली. जवळच्या जाळीने सोडवलं तर जवळचा एलईडी टोकदार ठिपका आणि लांबचा पसरलेला डाग. लांबच्या जाळीने सोडवलं तर बरोब्बर उलटं. तीच फाईल, तोच ०.०२ सेकंद. एका सपाट गोळ्यातून खोली निघाली.

हे काच देत नाही. एका काचेच्या लेन्सने फोटो काढला की अंतर चिरडून जातं. हार्वर्डच्याच ग्रुपने २०१९ मध्ये नॅनोरचनेच्या एका पत्र्याने प्रकाशाचं पोलरायझेशन, म्हणजे लहर कोणत्या दिशेत डोलते ते, एका फोटोत पकडून दाखवलं होतं, जे आपल्या डोळ्याला दिसतच नाही. मी इतके दिवस नवीन लेन्सला जुन्या लेन्सच्या मापाने मोजत होते, फोटो तितका चांगला येतो का म्हणून. आता पुढची वही वेगळ्या मापाने.

भाच्याला फोनवर दोन्ही चित्रं पाठवली. त्याचा लगेच उलट प्रश्न, मध्ये तिसरा एलईडी ठेवला तर? २० सेंमीची जाळी उद्या रात्री घेते.